हाडांवरून माणूस काय खायचा, काय काम करायचा हे खरंच कळतं का?

खाणं बऱ्यापैकी कळतं. काम मात्र लोकांना वाटतं त्याच्या निम्मंही कळत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याचंच उदाहरण घेतो. पश्चिमेला गगनबावड्याकडे भात, पूर्वेला शिरोळकडे ज्वारी. ही पिकं हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात, त्यामुळे कार्बन-13 चा, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचा, आकडा (ठरलेल्या मानकापेक्षा तो किती कमी-जास्त) भात, गहू, डाळींत सरासरी उणे 26 च्या आसपास आणि ज्वारी, बाजरी, उसात उणे 12 च्या आसपास (प्रति हजार) येतो. हा फरक खाणाऱ्याच्या हाडात उतरतो. अर्धा ते एक ग्रॅम हाड घेऊन वरचा थर खरवडतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात खनिज विरघळवतात आणि उरलेलं कोलॅजन (हाडातलं प्रथिन) मोजतात. त्यातलं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर 2.9 ते 3.6 च्या बाहेर गेलं की कोलॅजन खराब. आकडा कितीही मनासारखा आला तरी सोडून द्यायचा.

खरी गंमत दाढ आणि बरगडी शेजारी ठेवण्यात आहे. पहिल्या दाढेचं डेंटिन (इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचाच्या, आतला भाग) लहानपणी तयार होतं आणि पुढे जवळपास बदलत नाही. बरगडी आयुष्यभर नव्याने भरत राहते. एखाद्या बाईची दाढ ज्वारीची आणि बरगडी भाताची निघाली, तर माहेर पूर्वेला, सासर पश्चिमेला असा अंदाज बांधता येतो. अंदाजच! कडबा खाणाऱ्या म्हशीचं दूधही आकडा ज्वारीकडे ओढतं.

अडचणी दोन. पश्चिमेच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत, तिथल्या पावसात हाड टिकणं कठीण. बऱ्याचदा दातांचं इनॅमल तेवढं उरतं. शिवाय आपल्याकडे दहन जास्त, आणि पांढरं पडेपर्यंत जळलेल्या हाडात कोलॅजन राहत नाही.

आता काम. दंडाच्या हाडावर स्नायूंच्या खुणा ठळक दिसल्या की लगेच पैलवान म्हणू नका. वय आणि अंगलट यांनीही त्या वाढतात. दोन्ही दंडांच्या जाडीत मोठा फरक असेल, तर एका हाताने लहान वयापासून जड काम केलं असावं, इतपत म्हणता येतं. उकिडवं बसण्याने नडगीच्या खालच्या टोकाला सपाट खूण पडते. पण आपल्याकडे सगळेच उकिडवे बसत आले, त्यावरून कसला धंदा ओळखणार?

पाया खणताना हाडं दिसली तर काम थांबवून आधी पोलिसांना कळवा. तुटलेला तुकडा फेव्हिकॉलने जोडू नका. त्यातला कार्बन मोजणीत मिसळतो.