ड्रॅगनाइट ‘गरीब’ असतो का?

प्रश्न गुहागरच्या बाजूने आला आहे. विचारणाऱ्या आईचा मुलगा पाचवीत आहे. ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात त्याने पोकेमॉनमधल्या ड्रॅगनाइटवर लिहिलं. त्यातलं वाक्य असं: ‘ड्रॅगनाइट खूप ताकदवान आहे, पण तो गरीब आहे.’ बाईंनी ‘गरीब’ला लाल गोल केला आणि समासात शेरा मारला, ‘प्राण्यांकडे पैसे नसतातच. सौम्य लिही.’ शिवाय जिथे जिथे ‘ड्रॅगन’ होता तिथे तो खोडून ‘अजगर’ केला. आईचं विचारणं इतकंच की चूक कुणाची, आणि ड्रॅगनला मराठी शब्द कोणता?

पोराची चूक नाही. दोन्ही ठिकाणी नाही. उत्तर इथेच संपलं असतं, पण तो लाल गोल काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

आधी अजगर उरकतो. अजगर म्हणजे ‘अज’ गिळणारा, आणि अज म्हणजे बकरा. त्याच्या नावातच त्याचं जेवण आहे. बकरा गिळून आठवडाभर सुस्त पडणाऱ्या प्राण्याचं नाव उडणाऱ्या प्राण्याला कसं चालेल? मथळे लिहिणाऱ्यांनी चीनच्या बातम्यांत कधी ड्रॅगनला फूत्कार टाकायला लावले, कधी विळखा घालायला, आणि दोन्ही प्राणी एकाच बिळात कोंबले. ‘ड्रॅगन’ मूळचा ग्रीक ‘द्राकोन’. ‘पाहणे’ अर्थाच्या ग्रीक धातूशी त्याचं नातं जोडण्याची रीत जुनी आहे, आणि तो धातू आपल्या ‘दृश्’चा चुलतभाऊ. ग्रीक ‘देदोर्का’ आणि संस्कृत ‘ददर्श’ शेजारी शेजारी म्हणून पाहा. तेव्हा ड्रॅगन म्हणजे ज्याची नजर जबर तो. मीठमोहऱ्या ओवाळून आपण जी दृष्ट काढतो, तिच्याच कुळातला. ड्रॅगनाइटचं जपानी नाव ‘काइर्यू’, म्हणजे समुद्र अधिक ड्रॅगन. आणि यातला ‘र्यू’ ज्या चिनी अक्षराचा जपानी उच्चार आहे, तेच अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरकारांनी आपल्या ‘नाग’साठी वापरलं. म्हणून मराठी नाव हवंच असेल तर ‘दर्यानाग’ म्हणा. नको असेल तर ड्रॅगन लिहा, तो शब्द आता घरचा झालाय. संपलं.

आता मुद्द्याचं. गरीब.

ज्यांच्या घरात हा खेळ नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पोकेमॉनच्या मूळ दीडशेच्या यादीत ड्रॅगनाइट १४९वा. उंची २.२ मीटर, वजन २१० किलो, रंग हापूसच्या सालीसारखा, पोट भरलेल्या माणसासारखं, आणि पाठीवरचे पंख त्या देहाला अगदीच अपुरे. तरी १६ तासांत पृथ्वीला फेरी घालतो. हिशेब केला तर ताशी अडीच हजार किलोमीटर पडतात, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग. आणि एवढं बळ असून खेळातल्या प्राणिकोशात त्याचं मुख्य काम काय, तर वादळात वाट चुकलेल्या, बुडायला आलेल्या जहाजांना किनाऱ्याला आणून लावणं. (बर्फाच्या माऱ्यापुढे मात्र तो चारपट कच्चा. आपल्या मच्छीमार बोटींच्या खणात बर्फाशिवाय दुसरं असतं काय? त्यांना तो कसा वाचवेल, हा प्रश्न मला छळतो.)

अशा प्राण्याला कोकणातला पोरगा दुसरं काय म्हणणार? ‘सौम्य’ सुचवणाऱ्या बाईंनी जरा वर्तमानपत्र आठवावं. मराठीत आज सौम्य काय असतं? भूकंपाचा धक्का, आणि पोलिसांचा लाठीमार. ज्यांच्या पाठीवर तो बसला त्यांना विचारा सौम्य म्हणजे काय ते. ‘मवाळ’ म्हणावं तर थेट गोखले डोळ्यांपुढे येतात. त्यांचा जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा म्हणून अभिमान आहे, पण ड्रॅगनाइट काही अर्ज-विनंत्या करत नाही. ‘विनम्र’ हा भाषांतर करणाऱ्या यंत्रांचा लाडका शब्द. विनम्र प्राणी मी अजून पाहिलेला नाही, विनम्र असतात ते निवडणुकीचे उमेदवार.

गरीब प्राणी मात्र पुष्कळ पाहिलेत. परवाच धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने येत होतो. बोटीवर दोन गाड्या, सात-आठ दुचाकी आणि मधोमध पसरलेलं एक दांडगं काळं कुत्रं. चढण्याच्या फळीवरच एक मुंबईकर पोर आईच्या ओढणीत शिरलं. रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेली मावशी म्हणाली, ‘भितोस काय रं? गरीब हाय त्यो.’ पोराने लगेच हात पुढे केला. कुत्र्याचं उत्पन्न किती, त्याच्याकडे पिवळं रेशनकार्ड आहे की केशरी, हे कुणी विचारलं नाही. बैल बाजारात उभा असतो, अंगावर माशी घसरेल असा तुकतुकीत, किंमत लाखाच्या घरात, आणि मालक सांगतो, ‘लय गरीब बैल, पोर धरील त्याला.’ हा अर्थ शहरांतून हळूहळू निघून चाललाय. सरकारी योजनांनी ‘गरीब’ला दारिद्र्यरेषेखाली असं दाबून बसवलंय की शब्दाला मान वर काढता येत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. शब्द अरबी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण अरबीत त्याचा अर्थ ना ‘पैसा नसलेला’, ना ‘शांत स्वभावाचा’. अरबी ‘घरीब’ म्हणजे परका, परदेशी, आपला मुलूख सोडून आलेला. आणि पुढे, अनोळखी म्हणून विचित्र, नवलाचा. हिंदीतल्या ‘अजीबोगरीब’मध्ये हे नवल अजून शाबूत आहे. नाही तर त्या जोडशब्दातल्या गरिबाला दारिद्र्याचं काय देणंघेणं? ड्रॅगनाइट ‘फारच क्वचित दिसणारा सागरी प्राणी’ असं खेळाच्या पहिल्या आवृत्त्यांत लिहिलंय. म्हणजे अरबी माणसानेही त्याला बिनदिक्कत घरीबच म्हटलं असतं.

या शब्दाचं मूळ आणखी खाली जातं. त्याच धातूपासून ‘घर्ब’ म्हणजे पश्चिम, ‘घुरूब’ म्हणजे सूर्यास्त, आणि ‘मगरिब’, म्हणजे मावळतीची वेळ आणि त्या वेळची नमाज. निघून जाणं, दिसेनासं होणं हा त्या धातूचा गाभा. सूर्य गेला तो घुरूब, ज्या दिशेला गेला ती घर्ब, आणि गाव सोडून गेला तो घरीब. दाभोळच्या धक्क्यावर संध्याकाळी उभं राहून मगरिबची अजान ऐकावी. सूर्य खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरत असतो, आणि त्याच पाण्यावरून शेकडो वर्षं परकी माणसं आत येत राहिली. पश्चिम, मावळती आणि परका हे तिन्ही अर्थ एकाच जागी उभं राहून दिसावेत, असं ठिकाण दुसरं कुठे मिळणार?

ही नुसती कविता नव्हे, इतिहास आहे. बहामनी दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे इथे रुजलेले. दुसरे इराण, तुराण, अरबस्तानातून नव्याने आलेले. त्यांना आफाकी म्हणत, आणि दुसरं नाव ‘घरीब’. आता या गरिबांचा म्होरक्या पाहा: महमूद गावान. इराणच्या गिलान प्रांतातला व्यापारी. १४५३ साली उतरला तो या दाभोळलाच. पुढे बीदरला जाऊन वजीर झाला, ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा हा किताब मिळवला, कोकणातले किल्ले आणि गोवा घेतला, बीदरला आजही उभा असलेला मदरसा बांधला. सगळ्या सल्तनतीची दोरी त्याच्या हाती. आणि दख्खनी सरदारांच्या तोंडी तो कोण? घरीब! शेवटी १४८१ साली खोट्या पत्राच्या कटात त्याचा गळा कापला गेला. गरीब आणि ताकदवान या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत असं मानणाऱ्या बाईंना हा धडा कुणीतरी वाचून दाखवावा.

आता माझं मत, आणि ते मी गेली पंधरा वर्षं पोसत आलोय. कोशवाले सांगतात ती अर्थाची वाट अशी: परका, म्हणून निराधार; निराधार, म्हणून कंगाल; कंगाल, म्हणून दबून वागणारा, नम्र. वाट सरळ दिसते, पण मला ती मान्य नाही. ‘शांत’ हा अर्थ कंगालपणातून आला असता तर तो तुकतुकीत लाखाचा बैल गरीब ठरलाच नसता. माझं म्हणणं असं की मधलं कंगाल हे स्टेशन न लागताच ‘परका’ थेट ‘शांत’ला पोचला, आणि हा प्रवास बंदरांत झाला. परक्या बंदरात उतरलेला माणूस कसा वागतो? आवाज खाली, हात जोडलेले, भांडण टाळायचं, तांडेल दाखवेल तिकडे बसायचं. अंगात बळ असलं तरी ते म्यानात. किनाऱ्यावरच्या माणसाने रोज पाहिलेला ‘घरीब’ हा असा होता: खिशात सोन्याची नाणी, पण वागणं गरीब. कुत्र्याचंही तेच. आपल्या वाडीत वाघ, दुसऱ्याच्या वाडीत गरीब. एका निवृत्त प्राध्यापकांना हे ऐकवलं तर म्हणाले, ‘याला पुरावा काय? घाटावरही बैलांना गरीब म्हणतात, तिथे कुठलं बंदर?’ त्यांना इतकंच सांगतो, शब्द बंदरातून घाट चढतात. मीठ चढलं, सुकी मासळी चढली, गावान स्वतः चढला, मग एका अर्थाला कुणी जकातनाक्यावर अडवलं? प्राध्यापकमजकूर त्यानंतर गप्प आहेत. पटलं म्हणून की वैतागले म्हणून, ते विचारायला गेलो नाही.

(न्याय म्हणून विरुद्ध उदाहरणही देतो. पोर्तुगालच्या अल्गार्व्ह प्रांताचं नाव ‘अल्-घर्ब’ म्हणजे ‘पश्चिम’ यावरूनच पडलेलं. तिथल्या राजाचे लोकही याच पाण्यावरून आले. १५०८ सालच्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या आरमाराने दाभोळ जाळून टाकलं. घर्बवाले खरे, पण गरीब कुठल्याच अर्थाने नव्हेत.)

आणखी एक टोळकं आहे, त्यांचाही समाचार घेतो. ‘गरीब हा यावनी शब्द, मुलांना शुद्ध मराठी शिकवा’ असं सांगणारे. रत्नागिरीत राहून सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, त्यातून आलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ मीही रोज वापरतो. चांगले घडीव शब्द आहेत. पण प्रत्येक अरबी शब्दाला गावाबाहेर काढायला निघालेल्यांनी इथे काय होतंय ते बघावं. ज्या शब्दाचा अर्थच ‘परका’, त्याला ‘तू परका’ म्हणून हाकलायचं! आणि त्याच्या जागी आणणार काय, तर सौम्य लाठीमारातला सौम्य.

मूळ प्रश्नाकडे वळायला हवं, नाही तर त्या ताई रागावतील. वहीत ‘गरीब’ तसाच ठेवा. बाईंशी भांडू नका, हे सगळं त्यांना वाचायलाही देऊ नका, शाळेत पोराला अजून सहा वर्षं काढायची आहेत. वाक्य थोडं लांबवून लिहायला सांगा: ‘तो स्वभावाने गरीब आहे.’ ‘स्वभावाने’ आलं की पैशाचा संशय जातो. ‘अजगर’ मात्र अजिबात खपवून घेऊ नका.

एका बाबतीत मात्र पोरालाच विचारून मला कळवा. मराठीत म्हण आहे, ‘गरीब गाय, पोटात पाय.’ वरून शांत, आतून भलतीच. १९९९च्या गोल्ड-सिल्व्हर आवृत्तीत लान्स नावाच्या उस्तादाचा ड्रॅगनाइट एका दुकानात समोरच्या चोरावर, म्हणजे चक्क माणसावर, ‘हायपर बीम’ नावाचा जबर मारा सोडतो. माझ्या भाच्याचं म्हणणं आहे की चोर त्याच लायकीचा होता, त्यामुळे म्हण लागू होत नाही. मला ते पटत नाही.