कलाशिक्षक व्हायचे असेल तर प्रवेशाआधी लेखी उत्तर मिळवा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आपण लिहिलेली हकिकत वाचली. मराठी माध्यमातून दहावी, पुढे बारावी, कर्नाटकातील चित्रकलेच्या लोअर आणि हायर या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण, आणि आता कोल्हापूरला जाऊन दोन वर्षांचा आर्ट टीचर डिप्लोमा करावा की धारवाडला दृश्यकलेच्या पदवीला प्रवेश घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. शेवटी आपण म्हटले आहे की ओळखीच्या एका कारकुनांनी ‘कुठलाही कोर्स चालतो’ असे सांगितले. हे वाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच शब्दांवर विसंबून मी तीन वर्षे गमावली.

स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, सराव पाठ यांविषयी आपल्याला माहिती असणारच, म्हणून त्यात जात नाही.

मी डिप्लोमा कोल्हापुरात केला आणि तेथील शिक्षणाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. फळ्यावर खडूने बैल काढत असताना वर्गाकडे पूर्ण पाठ न करता तिरके उभे कसे राहायचे, हे मला तेथेच शिकवले गेले. चूक माझी झाली ती प्रवेशापूर्वीची. हा डिप्लोमा कर्नाटकात चित्रकला शिक्षकाच्या पदासाठी ग्राह्य धरतात का, हे मी कोणालाही लेखी विचारले नाही. परत आलो तेव्हा बेळगावजवळच्या एका मराठी शाळेत जागा रिकामी होती आणि संस्थाही मला घेण्यास तयार होती, परंतु नेमणुकीच्या मान्यतेसाठी समकक्षतेचे पत्र, म्हणजे हा डिप्लोमा कर्नाटकातील अभ्यासक्रमाच्या बरोबरीचा असल्याचे पत्र, मागण्यात आले. ते पत्र देणाऱ्या कार्यालयाने पहिल्या खेपेस गुणपत्रिका मागितल्या, दुसऱ्या खेपेस महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी अभ्यासक्रमाची प्रत मागितली आणि तिसऱ्या खेपेस त्या प्रतीचे कन्नड भाषांतर. त्यातच, दहावीच्या गुणपत्रिकेवर माझे नाव आधी व आडनाव शेवटी, तर डिप्लोमावर आडनाव आधी, म्हणून दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्रही करावे लागले. चौथ्या खेपेस टेबलावरचे कर्मचारी बदललेले होते. नव्या गृहस्थांनी माझ्या हातातल्या फाईलची दोरीही न सोडता ‘नाळे बन्नी’ (उद्या या) एवढेच कन्नडमध्ये सांगितले. आधी दिलेले कागद त्यांना सापडत नव्हते आणि माझ्याकडे आवक क्रमांक नव्हता, कारण कागद देताना पोहोच घ्यायची असते हे मला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. सगळे कागद पुन्हा गोळा करण्यासाठी कोल्हापूरला फेऱ्या झाल्या, आणि तेवढ्यात ती जागा भरली गेली.

आजही मला राग येतो तो नकाराचा नाही. त्यांनी पहिल्याच महिन्यात लेखी नकार दिला असता, तर मी त्याच वर्षी दुसरी वाट धरली असती. वर्षानुवर्षे ना होकार, ना नकार, यात तरुण माणसाची वयोमर्यादा निघून जाते, याची जाणीव त्या टेबलामागे कोणालाच नव्हती.

तेव्हा माहिती अधिकाराचा कायदा नव्हता. आता २००५ चा कायदा आहे, त्याचा उपयोग करावा. मात्र ‘माझा कोर्स चालेल का?’ असे विचारू नये, कारण माहिती अधिकाऱ्याने मत देणे अपेक्षित नसते. चित्रकला शिक्षकाच्या पदासाठीच्या शैक्षणिक पात्रतेच्या नियमांची आणि समकक्ष मानलेल्या अभ्यासक्रमांच्या यादीची प्रत मागावी. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. कोल्हापूरच्या महाविद्यालयालाही, आपल्या लोअर-हायर परीक्षा ते महाराष्ट्रातील इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षेच्या जागी धरतात का, हे लेखीच विचारावे.

माझे स्वतःचे मत, ते चुकीचेही असू शकेल, असे आहे की घरी राहून याच भागात शिकवायचे असेल, तर धारवाडची पदवी घ्यावी. वर्षे जास्त लागतील, पण समकक्षतेचा फेरा टळेल. महाराष्ट्रात नोकरी करण्याची मनापासून तयारी असेल, तरच डिप्लोमाला जावे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या कर्नाटक सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांना महाराष्ट्रातील शासकीय पदांसाठी अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. आपले गाव त्या यादीत आहे का, ते आधी पाहावे. नियम बदलत असतात, म्हणून त्या-त्या वेळची जाहिरात हीच प्रमाण मानावी.

दोन्हीकडे पूर्णवेळ जागा थोड्या आहेत, हेही मनात धरून ठेवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेत, कलाशिक्षणाला ‘अंशकालीन निदेशक’, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, एवढीच तरतूद आहे. चित्रकला हा मुलांचा रोजचा विषय आहे असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला याचे फार वाईट वाटते.

कन्नड आजपासूनच लिहायला-वाचायला शिकावे. मराठी शाळेतही खात्याची परिपत्रके कन्नडमध्येच येतात, आणि ती दुसऱ्याकडून वाचून घेणारा शिक्षक स्वतःच्या हक्काच्या गोष्टीही उशिरा समजून घेतो. मराठीवरचे आपले प्रेम त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक. मूळ प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नयेत. पडताळणीत मागच्या बाजूला शिक्का मारण्याची वेळ आली की अडचण होते. माझ्या एका प्रमाणपत्राचे प्लॅस्टिक सोडवताना कडेची शाई निघून आली.

प्रवेशाची मुदत जवळ आली असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवावा, पावती दहावीच्या गुणपत्रिकेसोबत जपून ठेवावी, आणि त्या कारकुनांना एकदा नम्रपणे विचारावे की ‘चालतो’ हे आपण कागदावर लिहून द्याल का.