शर्टाबाहेर राहिलेली मूठ

प्रश्न : माझ्याकडे २०११ पासून पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. पेट्रोल पंपाची रोकड बँकेत भरायला जाताना ते कमरेला लावतो. बाजाराच्या दिवशी भरणा करून येताना चहाच्या हॉटेलात बसलो होतो. हत्यार बाहेर काढले नाही, कुणाला वेडेवाकडे बोललो नाही. तरी शेजारच्या टेबलावरची माणसे उठून गेली, एकाने फोटो काढला आणि तो तालुकाभर फिरला (सोबत जोडला आहे). जिल्हाधिकारी कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस आली, मुदत १५ दिवस. साहेबांना समक्ष सांगावे म्हणून दोनदा गेलो, ते दौऱ्यावर होते. १२ दिवस गेले. पोलीस ठाण्यातून ‘हत्यार जमा करा’ असे फोन येतात. परवान्यावर ‘झाकून ठेवा’ असे कुठेही छापलेले नाही. माझा भाचा ह्यूस्टनला असतो, तिथे लोक उघड लावून भाजीला जातात. फोटो काढणाऱ्यावर दावा लावता येईल का?
– एक परवानाधारक, सोलापूर जिल्हा (ग्रामीण)

उत्तर : दाव्याचे शेवटी बघू. तुमच्या हातात तीन दिवस आहेत आणि बारा दिवस तुम्ही केबिनबाहेरच्या बाकावर घालवले. नोटिशीला उत्तर लेखीच द्यायचे असते. साहेब भेटले असते आणि चहा पाजून ‘बघतो’ म्हणाले असते, तरी फाइलमध्ये ‘परवानाधारकाने खुलासा सादर केला नाही’ हेच वाक्य चढले असते.

आता मुद्द्याचे. परवाना होता, हत्यार बाहेर काढले नाही, दमदाटी केली नाही, हे सगळे मान्य केले तरी तुमचे प्रकरण तिथे ठरत नाही. ते ठरते शस्त्र नियम, २०१६ मधल्या नियम ३२ वर, त्यातही ‘पूर्णपणे झाकलेले’ या दोन शब्दांवर. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर न्यायचे तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (हत्यार अडकवायच्या म्यानात) किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत हवे, पूर्णपणे झाकलेले हवे आणि त्यावर तुमचा ताबा हवा. होल्स्टर वापरला म्हणजे झाकले, असे होत नाही. होल्स्टरमधून मूठ वर राहतेच, नाहीतर ती हाताला लागणार कशी? म्हणून तिच्यावर शर्ट, जाकीट असे काहीतरी यावे लागते. तुमच्या फोटोत पांढरा शर्ट पँटीत नीट खोचलेला आहे, उजव्या कमरेला चामडी होल्स्टर आहे आणि मूठ कोपराखालून स्पष्ट दिसते. ‘चुकून शर्ट वर गेला’ म्हणायलाही या फोटोने जागा ठेवलेली नाही. हॉटेल खासगी मालकीचे होते हा मुद्दाही घेऊ नका. जिथे कुणीही येऊन चहा मागू शकतो ते सार्वजनिक ठिकाणच.

परवान्यावर छापलेले नाही, हे तुमचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. तुमचे परवान्याचे पुस्तक १९६२ च्या शस्त्र नियमांखालच्या नमुन्यातले आहे, त्यात ते वाक्य नसणारच. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७(३) मध्ये परवाना रद्द करायची जी कारणे आहेत, त्यातले एक ‘परवान्याच्या अटींचा भंग’ हे आहे. म्हणून काहीजण हुशारीने म्हणतात की आमच्याकडून नियम मोडला असेल, अट मोडलेली नाही. हा युक्तिवाद करण्याआधी तुमच्याच पुस्तकातली अट क्रमांक १ वाचा. परवाना शस्त्र अधिनियम आणि त्याखालच्या नियमांच्या अधीन राहून दिला आहे, असे तिथे लिहिलेले असते. जुन्या नियमांच्या जागी २०१६ चे नियम आले आणि तुम्ही त्यानंतर नूतनीकरणही करून घेतले असणार. तेव्हा अट क्रमांक १ मधून नियम ३२ तुमच्या पुस्तकात शिरलाच. पंधरा वर्षे जवळ बाळगलेले पुस्तक माणसाने एकदा तरी उघडून वाचावे. त्यातच पुढे जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात खास परवानगीशिवाय हत्यार नेऊ नये अशी अट असते. आठवडे बाजार ‘जमावा’त बसतो का, यावर वाद घालता येईल. बाजूचे आणि विरोधातले, दोन्हीकडचे म्हणणे टिकण्यासारखे आहे. नोटिशीत तो मुद्दा नसेल तर तुम्ही होऊन काढू नका.

लोकांनी काय केले याचे कायद्यात वजन किती, ते नीट समजून घ्या, कारण तुमचा निम्मा राग तिथेच आहे. नियम ३२ चा भंग व्हायला कुणी घाबरावे लागत नाही. रिकाम्या हॉटेलात मूठ उघडी असती तरी भंग झालाच असता. त्याची शिक्षा त्याच अधिनियमाच्या कलम ३० खाली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना रद्द करताना मात्र लोकांची प्रतिक्रिया उपयोगी पडते, कारण कलम १७(३) मधले दुसरे कारण सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेचे आहे. ‘शेजारच्या टेबलावरची माणसे उठून गेली’ हे वाक्य तुम्ही लोकांचा भित्रेपणा दाखवायला लिहिले आहे. जिल्हाधिकाऱ्यांना नेमके तेच हवे असते. खुलाशात ते घालू नका. तिसरी पायरी फौजदारी धाकदपटशाची, भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१. त्याला धमकी लागते, धाक घालण्याचा हेतू लागतो. नुसती कमरेची मूठ दिसली म्हणून हे कलम टिकणे अवघड, पण त्या वेळी तुमची कुणाशी उधारीवरून बाचाबाची चालू होती असे एखादा साक्षीदार म्हणाला, तर चित्र पालटते.

आपल्याकडे कमरेचे हत्यार पाहून तोंडावर कुणी काही बोलत नाही. खुर्ची पुढे सरकवतात, ‘शेठ’ म्हणतात, गल्ल्यावरचा पैसे घेत नाही. रात्री तोच फोटो पोलीस अधीक्षकांच्या मोबाइलवर गेलेला असतो. लोक गप्प राहिले याचा अर्थ त्यांना चालले, असा परवानाधारक काढतात आणि फसतात. त्यातून बीडमधल्या डिसेंबर २०२४ च्या सरपंच हत्येनंतर हत्यारे मिरवणाऱ्यांचे फोटो-व्हिडिओ असे काही बाहेर आले की त्या जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी झाली आणि बरेच रद्द झाले. अशा फोटोवर स्वस्थ बसण्याची सोय आता कुठल्याच कार्यालयाला उरलेली नाही. फोटो जुना असला तरी सुटका नाही. मुळशीतल्या जमिनीच्या वादातला पिस्तुलाचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये गाजला, प्रसंग त्याआधी वर्षभराचा होता. तेव्हा दसऱ्याच्या शस्त्रपूजेचे, वाढदिवसाचे, स्टेटसला टाकलेले तुमचे स्वतःचे फोटो कुणाकुणाकडे आहेत ते आठवून ठेवा. आता घाईने पुसत बसू नका, ते वेगळेच अंगाशी येते.

खुलासा आजच लिहायला घ्या. कागद दोन पानांचा पुरे. वर नोटिशीचा जावक क्रमांक आणि दिनांक, परवाना क्रमांक, त्यावरचा यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), रिव्हॉल्व्हरचा क्रमांक. मग पहिली मागणी कागदपत्रांची: पोलीस अधीक्षकांचा अहवाल, तक्रार अर्ज आणि फोटोची प्रत. ती मिळेपर्यंत पूर्ण खुलाशाला मुदतवाढ आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. पण नुसती मुदतवाढ मागून थांबू नका, ती मिळेलच असे नाही. त्याच कागदात प्राथमिक खुलासा द्या. फोटो तुमचा असेल तर नाकारू नका. हत्यार होल्स्टरमध्ये होते, हाताळले नाही, बँक भरण्याच्या कामासाठी सोबत होते, असे सरळ लिहा आणि त्या दिवसाची भरणा पावती जोडा. वेळ छापलेली पावती असेल तर सोने. २०११ पासून एकही तक्रार नाही, नूतनीकरणे वेळेवर, काडतुसांचा हिशेब जुळतो, हे कागदांनिशी दाखवा. शेवटी यापुढे नियम ३२ प्रमाणे झाकूनच बाळगीन असे हमीपत्र. ‘माझा हक्क आहे’ हे शब्द कुठेही नकोत. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अमेरिकेशी तुलना करूनच सांगितले आहे. कलम १७ मध्ये निलंबनही आहे आणि रद्द करणेही. तुम्ही ताकीद मागा, निदान ठरावीक काळाचे निलंबन मागा. स्वच्छ सुटका मागाल तर सगळेच जाण्याची शक्यता जास्त.

कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिवाय त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानेही पाठवा. आवक बारनिशीत नोंद न झालेला खुलासा म्हणजे न दिलेला खुलासा.

हत्यार जमा करण्याबद्दल: फोन हा आदेश नाही. पण ठाण्यात जाऊन हुज्जत घालू नका. आदेश लेखी मागा आणि तो यायच्या आतच ‘कोणतेही हक्क न सोडता, स्वेच्छेने’ असे पत्र देऊन जमा केलेत तर खुलाशाला बळ येते. जमा करण्याची जागा निवडता येत असेल तर पोलिसांच्या मालखान्यापेक्षा परवानाधारक शस्त्रविक्रेता बरा. भाडे पडते, पण तो तेल लावून ठेवतो. मालखान्यात दोन पावसाळे काढलेल्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फिरेनासे होते आणि तक्रार कुणाकडे करणार? घरून निघताना सहाही कप्पे रिकामे करा, काडतुसे वेगळ्या डबीत ठेवा, मूळ परवाना सोबत घ्या. पावतीवर उत्पादकाचे नाव, बोअर (नळीचा व्यास), क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. त्याआधी घरी काडतुसे मोजा. पुस्तकातल्या खरेदीच्या नोंदी आणि प्रत्यक्ष आकडा जुळत नसेल तर जमा करायला जाण्याआधी वकील गाठा, कारण मग प्रश्न मुठीचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट ठाण्यातूनच कळेल. त्या दिवशी जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा शस्त्रबंदीचा आदेश लागू होता का? हे आदेश सणासुदीला आणि आंदोलनांच्या काळात पंधरा-पंधरा दिवसांचे निघत राहतात. लागू असेल तर आदेश मोडल्याबद्दल त्याच अधिनियमाचे कलम १३५ जोडले जाऊ शकते. परवानाधारकाला सूट आहे की नाही, हे त्या त्या आदेशाच्या शब्दांवर.

आदेश विरुद्ध गेला तर कलम १८ खाली अपील, तुमच्या बाबतीत पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे. मुदत ३० दिवस. आदेश हातात पडला तो दिवस धरू नका, आदेशावरची तारीख धरा, कारण टपाल गावात कधी पोचते ते तुम्हाला माहीत आहे. अपील केले म्हणून आदेश थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. आयुक्तांकडे तारखांवर तारखा पडतात, वर्ष कसे गेले कळत नाही. त्यानंतर उच्च न्यायालय. सोलापूरकरांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. पण रिट याचिकेतही पहिला प्रश्न हाच येणार की खुलासा दिला होता का.

ह्यूस्टनचे म्हणाल तर टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, हे खरे. पण उघड लावायचे तर तिथेही होल्स्टर सक्तीचा. आणि भाजीच्या दुकानदाराने दारावर ३०.०७ ची (तिथल्या कायद्यातल्या त्या कलमाची, उघड हत्यार मना असल्याची) पाटी लावली, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, तर परवानाधारकालाही उघड हत्यार घेऊन आत जाता येत नाही. भाच्याला विचारा, त्याने अशी पाटी पाहिली असेल. तुमच्या खुलाशात टेक्सासचे नावही नको.

फोटो काढणाऱ्यावर दावा लावू नका. सार्वजनिक जागी दिसले ते त्याने टिपले. फोटोखाली ‘गुंड’, ‘खंडणीखोर’ असे काही लिहून फिरवले असेल तर अब्रुनुकसानीचा विचार पुढे करता येईल, स्क्रीनशॉट जपून ठेवा. कलम ३० चा खटला झालाच तर त्या फोटोला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचे) प्रमाणपत्र लागेल, तेव्हा त्यावर बोलता येईल. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या चौकशीत पुराव्याचे नियम इतके काटेकोर लागत नाहीत. त्या माणसाला फोन करू नका, मित्रांकरवी निरोप धाडू नका, ‘समजावायला’ कुणाला पाठवू नका. धाकदपटशाचे जे कलम आज टिकत नाही, ते त्या एका फोनने टिकेल.

परवाना वाचला तर खोचलेला शर्ट बाहेर काढा. होल्स्टर पँटीच्या आत बसणारा घ्या आणि शर्ट बसल्यावरही मुठीखाली चार बोटे येईल इतका लांब हवा. उभे राहून आरशात बघून उपयोग नाही. मोटारसायकलवर बसा, खुर्चीत वाकून चप्पल काढा, मागच्या खिशातून पाकीट काढा. मूठ उघडी पडते ती या तीन वेळी. होल्स्टरशिवाय नुसते खिशात टाकणे नियमात बसत नाही, आणि गाडीच्या खणात ठेवून तुम्ही चहाला उतरलात तर त्यावर ताबा राहिला असे म्हणता येत नाही.

तुमच्या परवान्याची मुदत कधी संपते, हे पत्रात कुठेच नाही. आज रात्रीच बघा. ती संपलेली असेल तर नियम ३२ बाजूला राहतो आणि विनापरवाना हत्यार बाळगल्याचे कलम २५(१-ख) येते, दोन ते पाच वर्षांच्या कैदेचे. तसे असेल तर उद्या सकाळी गृह शाखेत जाण्याआधी तुमच्या तालुक्यातल्या फौजदारी वकिलाकडे जा.