प्लास्टिकच्या लेसचा लॅनयार्ड (विणलेला गोफ) करताना चौकोनी आणि गोल वीण एकाच गोफात कशी जोडायची?

तुमच्या लेकीला दोन्ही विणी वेगवेगळ्या छान जमतात, पण एकत्र केल्या की सांधा फुगतो आणि पुढचा चौकोन वाकडा बसतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे दोन उन्हाळे हेच रडगाणं होतं. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. इथली पोरं या लेसला ‘जिम्प’ म्हणतात. दुकानात नुसतं ‘लॅनयार्ड’ मागितलंत तर ओळखपत्र अडकवायची पट्टी हातात पडेल.

आधी दोन विणींत फरक काय ते बघा, कारण दुखणं तिथेच आहे. सुरुवात दोन्हींची सारखीच: दोन लेस मधोमध फुलीसारख्या ठेवल्या की चार टोकं होतात. चौकोनी विणीत समोरासमोरची दोन टोकं सरळ पलीकडे दुमडून शेजारीशेजारी दोन कमानी करायच्या. उरलेलं प्रत्येक टोक जवळच्या कमानीवरून न्यायचं आणि लांबच्या कमानीतून बाहेर काढायचं. गोल विणीतही अगदी हेच, फक्त कमानी करताना टोक सरळ न नेता शेजारच्याला ओलांडून तिरपं समोरच्या कोपऱ्याकडे न्यायचं. त्या तिरपेपणामुळे प्रत्येक टाका थोडा थोडा फिरत जातो आणि गोफाला पीळ पडतो.

म्हणजे चौकोनाकडून गोलाकडे जाणं सोपं. शेवटचा चौकोनी टाका घट्ट ओढा, पुढच्या टाक्याला तिरपं जा, झालं. अडतं ते परत येताना. तोवर गोफ फिरलेला असतो, आणि मुलं (मीसुद्धा!) त्याला पिळून खालच्या चौकोनाच्या रेषेत आणायला बघतात. तसं करू नका. पदर जिथे उभे असतील तिथूनच सरळ चौकोनी टाका घाला. तो पहिला टाका मात्र चिमटीत धरून, चारही टोकं पाळीपाळीनं थोडी थोडी ओढत बसवा. सांधा फुगतो तो हाच टाका सैल राहिल्यामुळे. दोन्ही चौकोनांच्या कडा एका ओळीत हव्याच असतील तर मधल्या गोल भागात एखादा टाका वाढवून किंवा कमी करून बघा, जवळजवळ जुळतात.

टाका चुकला तर कात्री नको. गोफ नाचणारे उलट पावलांनी गोफ सोडवतात तसं उलट क्रमानं उसवत या. लेसला मोड पडली असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, सरळ होते. आमच्या इथल्या थंडीत तर मी विणायला बसण्याआधीच बुडवते.

ओढण्यावरून आठवलं. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिनं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. तिनं वायरच्या पिशव्या ढीगभर विणल्या आहेत. दोन टाके बघून तिनं गोफ हातात घेतला आणि लेकाला म्हणाली, “अरे, निळा ओढतोस नि पिवळा विसरतोस, मग तो रुसणारच.” तिचे टाके माझ्यापेक्षा सरस आले, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

या दोन विणी जमल्या की तुमची लेक कोब्रा वीण मागेल. कोब्रा म्हणजे मॅक्रमेतली (दोऱ्यांना गाठी मारून विणण्याच्या कलेतली) चौरस गाठच. इथे हिशेब बदलतो. चौकोनी आणि गोल विणीत चारही टोकं साधारण सारखीच संपतात (माझा ठोकताळा: एक इंच विणीला प्रत्येक लेस एक फूट). कोब्रात बाहेरचे दोन पदर भराभर संपतात आणि मधले दोन तसेच लोंबत राहतात, मग पुढे चौकोन करायला दोन पदर लांब नि दोन आखूड. त्यामुळे निम्म्या वाटेवर मधले बाहेर घ्या, बाहेरचे मध्ये. त्या जागी एखाददुसरा चौकोनी टाका घातला की अदलाबदल मुद्दाम केल्यासारखी दिसते, रंगही पालटतात.

लेस कुठली, हेही विचारलंय. चपटी घ्या, गोल नळीसारखी पहिल्यांदा नको, हातातून सटकते. आम्ही ‘रेक्सलेस’ वापरतो. ती आमच्याच राज्यातल्या पेपरेल गावातली कंपनी करते, १९१७ पासूनची. गंमत म्हणजे स्काउटमधली पोरं असल्या गोफांना ‘बूनडॉगल’ म्हणत. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये बेकारांच्या मदतीवरच्या खर्चाची चौकशी चालली असताना तो शब्द पुढे आला, आणि तेव्हापासून अमेरिकेत ‘सरकारी पैशाची उधळपट्टी’ या अर्थानं रुळला.

शेवट करताना टोकं मेणबत्तीवर वितळवू नका. ही लेस पीव्हीसीची, धूर वाईट असतो. शेवटचा चौकोनी टाका सैल ठेवा, प्रत्येक टोक शेजारच्या कोपऱ्याला वळसा घालून खालून मध्यातून वर काढा, चारही टोकं एकाच दिशेनं. मग ओढा. वर छोटी बोंडासारखी गाठ बसते. पाव इंच सोडून कापा. आणि गळ्यात घालायचा असेल तर मानेमागे झटक्यानं सुटणारी क्लिप लावाच, घसरगुंडीवर अडकला तर गळ्याला फास बसायला नको.