वेंगेनला पुन्हा जरूर जा, पण चौदा लाख अडकवून नको

सांगलीच्या एका निवृत्त जोडप्याचं पत्र आलं आहे. वय ६२ आणि ६०. दोघांची मिळून पेन्शन ८२ हजार, घरखर्च ५० हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही, ठेवी ६० लाख आणि म्युच्युअल फंडांत १५ लाख. २०१०, २०१५ आणि २०१९ असं तीनदा हे दोघं स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन गावी राहून आले आहेत. आता एक हॉलिडे क्लब २५ वर्षांची मेंबरशिप देतो आहे: एकरकमी १४ लाख, वर्षाला ४५ हजार मेंटेनन्स, त्यात दरवर्षी सात दिवस मुक्काम. मुलगी म्हणते, जग एवढं मोठं असताना त्याच गावात चौथ्यांदा पैसे का घालवायचे?

नमस्कार. आधी मुलीच्या प्रश्नाचं बघू, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. तुम्ही लिहिलंय, लाउटरब्रुनेनला गाडी बदलून दात्यांच्या रुळावरची ती छोटी गाडी वर चढू लागली आणि श्टाउबबाखचा धबधबा खाली राहिला की आजोळी आल्यासारखं वाटतं. गावात मोटारी नाहीत, संध्याकाळी युंगफ्राऊचं शिखर गुलाबी होतं तेव्हा ऐकू येतात त्या फक्त गायींच्या घंटा. घरमालकीण 'ग्रुएसेख' (तिकडचा नमस्कार) म्हणते आणि लगेच गुडघ्याची चौकशी करते. हे सुख नव्या ठिकाणी पहिल्या खेपेला मिळत नाही. त्यासाठी तुम्ही तीन सहली आधीच खर्चल्या आहेत, त्याचं फळ आता मिळतंय.

शिवाय जुन्या गावी जाणं स्वस्तही पडतं. ३,४५४ मीटरवरचं युंगफ्राऊयोख हे रेल्वे स्टेशन तुम्ही २०१० मध्येच पाहिलंत, तेव्हा ते महागडं तिकीट आता काढायचं नाही. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट कुठे मिळतो, स्टेशनाजवळच्या कोऑप या किराणा दुकानातून काय आणायचं, हे तुम्हाला पाठ आहे.

आता मेंबरशिप. १४ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं ९८ हजार. त्यात ४५ हजार मिळवा, म्हणजे तुम्ही जा अथवा जाऊ नका, वर्षाला १ लाख ४३ हजार गेले. उलट, जून किंवा सप्टेंबरात फ्लॅटचं भाडं रात्रीला १७० फ्रँक आणि फ्रँक १२० रुपये धरला, तर सात रात्रींचे जवळजवळ तेवढेच होतात. म्हणजे दरवर्षी न चुकता गेलात तर जेमतेम बरोबरी, आणि मुद्दल परत मिळत नाही हे तर मी अजून धरलेलंच नाही. दर तीन वर्षांतून एकदा गेलात तर सात रात्री ४ लाख २९ हजारांना पडतील.

विक्रेत्याचा एक मुद्दा खरा आहे, फ्रँक महागतो. २०१० मध्ये तो साधारण ४५ रुपयांना होता, २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. वर्षाला जवळपास ६ टक्के वाढ झाली. पण मेंटेनन्सही वाढणारच, तसं करारात लिहिलेलं आहे. आणि तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात 'आल्प्स परिसरात, उपलब्धतेनुसार' असे शब्द आहेत. वेंगेनचं नावसुद्धा कुठे नाही! सगळं मन ज्या एका गावात गुंतलंय, तेच जर करारात नसेल तर त्यावर सही करू नका.

तिथेच छोटा फ्लॅट घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. तो विचार सोडून द्या. तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला घर घ्यायला परवाना लागतो, आणि २०१२ च्या सार्वमतानंतर जिथे सुट्टीची घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांवर गेली आहेत, अशा गावांत तसली नवी घरं बांधण्यावर कडक बंधनं आली. त्यात तुमची सगळी पुंजी एका खोलीत अडकेल.

माझा सल्ला असा. यंदाच्या सप्टेंबरातच जा, गायी कुरणांवरून खाली उतरतात तेव्हा. बारा रात्रींचं भाडं सुमारे २ लाख ४५ हजार, दोघांचं विमान दीड लाख, जेवणखाण ८५ हजार, रेल्वे आणि रोपवे ७० हजार, व्हिसा आणि विमा ४० हजार. सहा लाख धरून चला. ते मुदत संपणाऱ्या ठेवीतून काढा. पैसे साठेपर्यंत तीन वर्षं थांबा, असं मी तरुण जोडप्याला सांगितलं असतं, तुम्हाला नाही सांगणार. गावावरच्या मॅनलिखन डोंगरावरून पायी चालायचं तर गुडघ्यांना आत्ताच विचारायला हवं.

पुढच्या खेपेसाठी महिन्याला १८ हजार बाजूला टाका, रिकरिंग ठेवीत, शेअर बाजारात नाही. साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत सव्वासात लाखांच्या आसपास जमतील, आणि आजचे सहा लाख तोवर तेवढेच झालेले असतील. तब्येत चांगली असेल तर दोनच वर्षांनी जा, वरचे दोन-सव्वादोन लाख ठेवीतून घाला. उरलेले १४ हजार औषधपाण्यासाठी राहू द्या, त्यांना हात लावू नका.

विम्याचं मात्र नीट बघा. वेंगेनला मोटाररस्ता नाही, गंभीर आजारात हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ येऊ शकते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचं कवच लागतंच, पण त्यात डोंगरातली सुटका आणि आधीपासूनचा रक्तदाब धरलाय का, हे पॉलिसीत वाचून घ्या. वर्षभरात प्रत्येकी दहा लाखांवर पैसे बाहेर पाठवलेत किंवा टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत, तर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जाऊ शकतो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना करातून वजा होतो.

क्लबला नकार कळवा आणि घरमालकिणीला आजच मेल करा. सप्टेंबरच्या खोल्या लवकर भरतात, आणि तुमची ती पूर्वेकडच्या गॅलरीची खोली मिळायला हवी.