सूर्यप्रकाशामुळे हवेतली आणि पाण्यातली प्रदूषक रसायनं खरंच नष्ट होतात का? मग नद्या आपोआप स्वच्छ का होत नाहीत?

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आम्ही नमुने बऱ्याचदा तपकिरी काचेच्या बाटलीत घेतो, कारण साध्या बाटलीत उन्हाने नमुनाच बदलतो. नवीन असताना मी डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचं पातळ द्रावण साध्या बाटलीत खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर विसरले होते. संध्याकाळी मशीनवर लावलं, तर आलेखावरचं औषधाचं शिखर (जितकं उंच, तितकं औषध जास्त) पार खुजं झालेलं, आणि शेजारी सकाळी नसलेली दोन-तीन बुटकी शिखरं उगवलेली. औषध तुटलं होतं, पण त्याचे तुकडे पाण्यातच होते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या बुटक्या शिखरांत आहे.

रेणू तुटायचा तर आधी त्याने प्रकाश शोषायला हवा. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हात साधारण २९० नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबी जवळजवळ नसतेच, ती वर ओझोनच्या थरात अडते. डायक्लोफेनॅक उरलेल्या अतिनील प्रकाशातला थोडा भाग शोषतं, म्हणून तुटतं. स्वित्झर्लंडमधल्या ग्राइफेन्से तलावात या औषधाचा बराच मोठा हिस्सा उन्हानेच संपतो, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

हवेत मात्र बहुतेक काम ऊन थेट करत नाही, दुसऱ्याकडून करवून घेतं. अतिनील किरणांनी ओझोनचा रेणू फुटतो, त्यातून सुटलेला अतिशय चपळ ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेशी भिडतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे अतिशय अस्थिर, कशावरही तुटून पडणारे तुकडे. हे जमिनीलगतच्या हवेतही घडत असणार, असं हिराम लेव्ही यांनी १९७१ मध्ये मांडलं. हा रॅडिकल एक सेकंदही टिकत नाही, पण तेवढ्यात जो सापडेल त्याच्याशी भिडतो, बहुतेकदा त्याच्यातला हायड्रोजन ओढून घेतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र आपला ऑक्सिजन देऊन टाकतो. कार्बन मोनॉक्साइड, पेट्रोलची वाफ, मिथेन, सगळ्यांचा निकाल प्रामुख्याने हाच लावतो. मिथेनला तरी साधारण नऊ-दहा वर्षं लागतात. हवेत दर घनसेंटिमीटरला असे जेमतेम दहा लाखांच्या घरात रॅडिकल असतात, आणि तेवढ्यांवर सगळं वातावरण धुतलं जातं. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

पण हेच ऊन नवं प्रदूषणही घडवतं. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात तुटतो, सुटा ऑक्सिजन अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो, तोही आपल्या नाकापाशी. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं हे मूळ १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट यांनी शोधलं. पूर्वी फ्रिज-एसीत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी या रसायनांचं तर आणखी विचित्र. त्यांच्यात ओढायला हायड्रोजनच नाही, म्हणून हायड्रॉक्सिल त्यांचं काही बिघडवत नाही. ती वर, ओझोनचा थर असलेल्या स्थितांबरात जातात, तिथल्या तीव्र किरणांनी तुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोनच खातो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ मध्ये मांडलं.

आता नदीकडे या. अतिनील प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही, गढूळ पाण्यात तर वरच्या काही सेंटिमीटरांतच संपतो. खालून वाहणाऱ्या आणि गाळात बसलेल्या रसायनाला ऊन मिळतच नाही. कुजलेल्या पानांमुळे पाण्याला जो चहासारखा रंग येतो, ती द्रव्यं प्रकाश अडवतात, पण स्वतः तो शोषून ऑक्सिजनला चेतवतात आणि एरवी न तुटणारी काही रसायनंही तोडतात. हा हिशेब पाण्यागणिक बदलतो. न चिकटणाऱ्या भांड्यांच्या लेपासारख्या गोष्टींत वापरल्या जाणाऱ्या काही पीफास रसायनांमधला कार्बन-फ्लोरिन बंध उन्हाला जुमानत नाही. शिसं, कॅडमियम ही तर मूलद्रव्यंच, त्यात तोडण्यासारखं काही नाही.

शिवाय तुटण्यातून काय निघतं तेही बघावं लागतं. अनेक साबणांमध्ये वापरलं गेलेलं ट्रायक्लोसॅन हे जंतुनाशक उन्हात लवकर तुटतं, पण त्याच्या एका हिश्शातून एक प्रकारचं डायॉक्सिन तयार होतं, आणि या कुळातली काही रसायनं अतिशय विषारी असतात. म्हणूनच कुणी मला ‘उन्हात ठेवल्यावर ९० टक्के कमी झालं’ असा अहवाल दाखवला, की मी पूर्ण आलेख मागते आणि आधी ती बुटकी शिखरं शोधते.