शून्य रुपयांच्या नोंदी

“मॅडम, प्रार्थनेला बसते, पण आत काहीच हलत नाही. पूर्वी गाणं म्हणताना डोळे भरून यायचे. प्रभू माझ्यावर नाराज आहे का?”

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सगळ्यांत जास्त राबणाऱ्या असतात. शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचे बायबलचे वर्ग, त्यांच्याकडे, महिला मंडळ त्यांच्याकडे, आजाऱ्यांच्या भेटीही त्यांच्याकडेच. ओढ आटली की त्यांना पहिली शंका स्वतःच्या विश्वासाची येते. आज त्यांतल्या एकीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. माहेर नगरचं, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला बावीस वर्षं झाली. घरी मराठी, शाळेत हिंदी, उपासनेत दोन्ही. जानेवारीत पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. झोप तुटक, जेवणात मन नाही, जिना चढताना धाप. आणि वर हे कोरडेपण.

अशा वेळी मी आधी बायबलमधलं वचन काढत नाही, शरीराची चौकशी करते. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारते. येत नव्हते. रक्त तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन 8.6 निघालं. बायकांमध्ये ते निदान 12 तरी हवं. त्यात ताई दर शुक्रवारी कडक उपवास-प्रार्थना करत होत्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि उपवास थांबवायला सांगितले. ताईंना ते पटेना. “उपवास सोडला तर आहे तेही जाईल.” मी म्हटलं, बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी उठवून भाकर खायला घातली. तो पुन्हा झोपला, त्याला पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या भेटीत पैशांचं निघालं. मंडळीच्या हॉलच्या छपरासाठी त्यांनी उभं राहून पंचाहत्तर हजार कबूल केले होते. हातात एवढे नव्हते. सासूबाईंनी दिलेल्या दोन पाटल्या गहाण ठेवून साठ हजार उचलले आणि तेवढे भरले. नवऱ्याला पत्ता नव्हता. “देवाला शब्द दिला होता,” एवढंच त्या म्हणाल्या.

इथे माझी घाई झाली. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, हे वचन मी पुढे केलं. ताईंचा चेहरा पडला. “म्हणजे आजवर दिलं तेही चुकलंच का?” सुटकेसाठी सांगितलेलं वचन त्यांच्या कानांवर नव्या आरोपासारखं पडलं. त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही, चहा केला.

पुढच्या वेळी त्यांनी एक वही आणली. शाळेतली दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. पानावर तीन रकाने आखलेले: तारीख, कोणाला, किती. अकरा वर्षांचं देणं त्या वहीत होतं. दशमांश (मिळकतीचा देवासाठी दिलेला दहावा हिस्सा), वर्गणी, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या दवाखान्याला, दहावीच्या मुलीची फी. अक्षर मोत्यासारखं. मी चाळत होते आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या, निकालाच्या दिवशी मुलं पाहतात तशा.

मी त्यांना लाल पेन्सिल दिली. म्हटलं, शेवटचे तीन महिने घेऊ. प्रत्येक ओळीवर थांबा, ते देताना मन कसं होतं ते आठवा. हलकं होतं तिथे खूण करा. बरोबर-चूक असं काही नाही यात.

एक्केचाळीस नोंदी होत्या. अर्धा तास लागला. कित्येक ओळींवर पेन्सिल टेकली आणि तशीच उचलली गेली. छपराच्या नोंदीवर त्या बराच वेळ थांबल्या आणि खूण न करताच पुढे गेल्या. शेवटी खुणा झाल्या सहा. त्यांतल्या पाच नोंदींसमोर ‘किती’च्या रकान्यात शून्य होतं.

“एम.वाय.मध्ये आजीचा कागद वाचून दिला, 0.” “एम.वाय., आलीराजपूरचे दोघे भाऊ, फॉर्म भरला, 0.” अशा पाच.

सासरे एम.वाय. या इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये दाखल होते तेव्हापासून ताईंना तिथली वाट माहीत. झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानीकडून माणसं येतात, हातात कागदांची चळत, कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा ते कळत नाही. सासरे बरे होऊन घरी आले तरी ताई अधूनमधून जात राहिल्या. हे सांगताना त्यांनी पर्स बाजूला ठेवली होती. आवाज चढला होता, हात हलत होते. एका म्हातारीने डिस्चार्जचा कागद तीन दिवस कमरेला खोचून ठेवला होता, नातवाला घरी न्यायची मुभा मिळालीय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ताई सांगत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले. आटलेलं काहीच नव्हतं.

“पण हे काही दान नव्हे,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “यात माझं काय गेलं? आपल्या इथल्या राणी मारियांनी तर प्राण दिला.”

इंदूरच्या ख्रिस्ती घरांत, मग ती कॅथलिक असोत वा प्रोटेस्टंट, हे नाव माहीत असतं. केरळहून आलेल्या या सिस्टर राणी मारिया 1992 मध्ये उदयनगरला आल्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसने इंदूरला येताना वाटेतच त्यांची हत्या झाली. 4 नोव्हेंबर 2017 ला इथेच, इंदूरमध्ये, त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. मी ताईंना विचारलं, त्या मधल्या तीन वर्षांत सिस्टर रोज करत काय होत्या? ताई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “गावागावांत जायच्या. सावकाराच्या पाशातून लोकांना सोडवायच्या. बँकेचं कर्ज कसं मिळतं, योजना कोणत्या, हक्क काय, ते समजावायच्या.” थोडं थांबून हळूच: “आणि मी देवासाठी म्हणून पाटल्या गहाण टाकून बसलेय.”

आपण मरणाच्या दिवसाशी आपली तुलना करतो आणि हरतो. त्याआधीचे हजार दिवस कोणी पाहत नाही. त्या दिवसांत फॉर्मच असतात, खिडक्या असतात, उन्हातली चाल असते. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हणतात ते मला तरी तिथेच दिसत आलं आहे.

सगळ्यांत जड गोष्ट मात्र चौथ्या भेटीत आली. नगरला एकट्या राहणाऱ्या आईला ताई औषधांसाठी महिना दोन हजार पाठवायच्या. छपराची रक्कम कबूल केल्यापासून ते बंद होते. आईने विचारलंही नव्हतं. मी मार्कचा सातवा अध्याय उघडून त्यांच्याकडे दिला. आईबापांना ज्याचा आधार व्हायचा ते ‘कुर्बान’ म्हणून, म्हणजे देवाला वाहिलं म्हणून, बाजूला काढणाऱ्यांना येशू तिथे किती कडक बोलतो! शब्बाथशाळेत हा धडा ताईंनी स्वतः शिकवलेला. त्या मोठ्याने वाचायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मग आम्ही पौलाने करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र, आठवा अध्याय काढला. तिथे पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागतो आहे, म्हणजे पैशांची निकड त्यालाही आहे. तरी तो लिहितो की माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं देणं मोजलं जातं, जे नाही त्यावरून नव्हे. आणि दुसऱ्याचं ओझं उतरवून ते तुमच्या डोक्यावर ठेवावं असा हेतू नाही. देण्याबद्दलच्या संदेशांत हे वाक्य फार क्वचित ऐकू येतं. यायला हवं.

नवऱ्याला सांगायला ताईंना तीन आठवडे लागले. काय बोलायचं ते आम्ही इथे दोनदा म्हणून पाहिलं होतं. तरी चार दिवस नवऱ्याने अबोला धरला. त्यांना गहाणापेक्षा लपवणं लागलं होतं, आणि ते रास्तच होतं. पाचव्या दिवशी त्यांनी हप्त्यांचा कागद मागून घेतला.

मग पाळकांकडे जाऊन उरलेले पंधरा हजार जमणार नाहीत असं सांगायचं होतं. ताई दोनदा फाटकापर्यंत जाऊन परतल्या. तिसऱ्यांदा नवरा बरोबर गेला. पाळकांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “ताई, आधी पाटल्या सोडवा. छप्पर होईल.” मंडळातली एक बाई मात्र “विश्वास कमी पडला” म्हणाली. त्यावर आमच्या दोन भेटी गेल्या. अजूनही रविवारी ती समोर आली की ताईंच्या पोटात कळ येते. ते जायला वेळ लागेल.

दशमांश ताईंनी सोडलेला नाही. तो दोघांनी बसून, आईची औषधं आणि हप्ता आधी बाजूला काढून, नव्याने ठरवला. दुसरा आणि चौथा शनिवार एम.वाय.साठी ठेवला आहे, सकाळी नऊ ते बारा. बारानंतर थांबायचं नाही, हे मी लिहून घेतलं आहे. शब्बाथशाळेचे मोठे वर्ग एका तरुण मुलीकडे दिले. उपवास अजून बंद आहेत. जुलैत हिमोग्लोबिन 11.2 होतं. प्रार्थनेचं विचारलं तर म्हणाल्या, “रोज रडू येत नाही. पण कोणाशी बोलतेय ते कळतं.”

ऑगस्टच्या शेवटी आल्या तेव्हा उजव्या हातात एक पाटली होती. दुसरी सुटायला अजून सात हप्ते आहेत. वही बरोबर होती, पण उघडली नाही. आदल्या शनिवारी धारकडच्या एका बाईने, मुलाचा एक्स-रे कुठे काढायचा ते दाखवलं म्हणून, शेतातले सहा भुट्टे त्यांच्या पिशवीत टाकले होते. ताई नको नको म्हणत राहिल्या, बाई ऐकेना.

“हे मी कोणत्या रकान्यात लिहू मॅडम? वहीत घेतल्याचा रकानाच नाही.”

“मग काय केलंत त्यांचं?”

“यांनी किसून दिले. भुट्ट्याचा कीस केला. दुधात शिजवून, वरून लिंबू. दोघांनी दोनदा घेतला.” आणि पर्समधून त्यांनी एक छोटा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.